पाणी, दिवा, देवी

दाजी गेल्याचं पत्र मला इथे कराचीत मिळालं तेव्हा त्यांचा तेरावाही होऊन गेला होता. पत्र आक्कांच्या हातचं. आक्का म्हणजे दाजींच्या थोरल्या बहीण, लहानपणीच विधवा झालेल्या. दाजींचं घर त्यांनीच सांभाळलं. पत्र चारच ओळींचं. शेवटची ओळ अशी: "नानाशेट भेटायला आले आणि आपल्या इथल्या ओसरीवर बसून चार माणसांत म्हणाले की दाजींचं आणि माझं म्हणणं मुळात एकच होतं. मी आतून ऐकलं आणि दार लावून घेतलं."

मी पत्र चुरगाळलं. मग गुडघ्यावर ठेवून हातानं सरळ केलं, कारण आक्कांचं अक्षर होतं ते.

एकच होतं म्हणे! माणूस मेल्यावर त्याचं म्हणणंही आपल्या पेटीत टाकायचं, ही कुठली रीत? मी मराठी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिण्याचा सराव नाही. पण त्या ओसरीवर त्या दिवशी कुणी उठून "शेट, खोटं बोलू नका" म्हणालं नाही, तर निदान इथून, इतक्या लांबून, कागदावर तरी म्हणावं म्हणून बसलो आहे.

मी देवगडाकडचा. सव्विसाव्या वर्षी बायकोला गावी ठेवून ठाणं आणि कल्याण यांच्या मधल्या एका खाडीकाठच्या गावात म्युनिसिपालिटीचा बत्तीवाला म्हणून लागलो. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून आहेत आणि मी भित्रा आहे. अकरा घासलेटचे दिवे माझ्या ताब्यात होते. घासलेटची मला इतकी भीती की बाटली हातात धरताना मान मागे करायचो.

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, शिडीवर असतानाच खालून आवाज आला, "काय रे, ही दिव्याची काच आहे की भाकरीचा तवा?"

खाली एक बुटका, रुंद खांद्यांचा म्हातारा उभा. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, एक पाय किंचित ओढत चालणारा. मला वाटलं, कुणी मेंबर असावेत. नोकरी गेली म्हणून मी खाली उतरून हातच जोडले. "हात कसले जोडतोस? काच काढ." मला ओसरीवर नेलं, राखेनं काच घासायला लावली, कात्री दिली. "वात सरळ काप. तिरकी कापलीस तर एका अंगानं धूर ओकणार. आणि तेलाला भितोस काय असा? भेसळीच्या तेलाला भी. चांगलं तेल उगाच पेट घेत नाही, उगाच पेट घेतात ती माणसं." मग विचारलं, "वाचता येतं?"

"अडखळत येतं."

"मग रोज दिवे लावून झाले की इथे ये आणि अडखळ."

असे मला दाजी भेटले. पुढे दोन वर्षं मी त्यांच्या ओसरीवर अडखळलो. आज जे वाचतो ते त्यांचं.

दाजी बावीस वर्षं सरकारी देवीडॉक्टर होते. नावात डॉक्टर, पण काम पायपिटीचं: शहापूरपासून पनवेलपर्यंत गावोगाव जाऊन पोरांना देवी टोचायच्या. त्यांची चाहूल लागली की बाया पोरांना कणगीत लपवायच्या. दाजी तक्रार करायचे नाहीत. नव्या गावात गेले की चावडीवर बसून सगळ्यांसमोर आधी स्वतःच्या दंडाला टोचून घ्यायचे. त्यामुळे त्यांचा डावा दंड वणांनी नुसता चाळणीसारखा झाला होता. पेन्शन घेतल्यावरही सवय गेली नाही. रस्त्यात पोर दिसलं की, "दंड बघू." वण नसला तर पोराच्या बापाची खैर नव्हती.

त्यांच्या ओसरीच्या फळीवर बाटल्या मांडलेल्या असत, प्रत्येकीला कागद चिकटवलेला: जोशी आळीची विहीर, शेटची विहीर, तळं वरची पायरी, तळं पाड्याची पायरी. पाणी भरून आठ दिवस ठेवायचं आणि तळाला काय बसतं ते बघायचं, हा त्यांचा उद्योग. पाड्याच्या पायरीच्या बाटलीत बोटभर काळा गाळ आणि वर तवंग. आलेल्या प्रत्येकाला ती उघडून वास घ्यायला लावायचे. आक्का आतून म्हणायच्या, "ह्याच्या घरी पाहुण्याला पाणी मागायची सोय राहिली नाही."

तळ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. तळ्याच्या वरच्या अंगाला नानाशेटची वखार. शेट भाताचे व्यापारी, गोड बोलणारे, हसतमुख. उकड्या तांदळासाठी भात भिजवायचं ते आंबूस पाणी चरातून तळ्यात सोडलेलं. शेजारच्या उतारावरून त्यांचे बैल पाण्यात उतरायचे. आणि खालच्या टोकाला, जिथे हे सगळं वाहत येऊन साचतं, तिथे पाड्यातल्या आगरी लोकांची पाणी भरायची पायरी. मिठागरावर दिवसभर राबून बाया तिन्हीसांजेला हंडे घेऊन यायच्या, शेवाळावर पाय घसरायचे, आणि ते पाणी घरी न्यायच्या. गावात चांगल्या विहिरी होत्या. त्या परसात होत्या.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या साली सरकारनं ठरवलं की म्युनिसिपालिटीचे काही मेंबर आता लोकांनी निवडावेत. लोकांनी म्हणजे घरपट्टी बऱ्यापैकी भरणाऱ्यांनी. नानाशेट उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दाजी उभे राहिले.

त्यांनी ठाण्याहून शिळाछापावर पत्रक छापून आणलं. वर तीनच शब्द: पाणी, दिवा, देवी. पाणी म्हणजे बैलांचा उतार आणि वखारीचा चर बंद, धुणं आणि बैल खाडीकडे, तळं फक्त पिण्याला. दिवा म्हणजे शेटच्या दाराशी तीन दिवे आहेत त्यातले दोन पाड्याच्या पायरीवर. देवी म्हणजे एकही दंड वणाशिवाय राहायचा नाही. ते पत्रक माझ्याकडून बारा वेळा वाचून घेतलं, आणि बाराव्या वेळी मी न अडखळता वाचलं तेव्हा आक्कांना हाक मारून मला गूळ द्यायला लावला.

मत मागायला ते जायचे तो प्रकार बघवत नसे. मी पत्रकं घेऊन मागे असायचो. दार उघडलं की दाजी म्हणणार, "मताचं नंतर. आधी पोरांचे दंड दाखवा."

एक वकील होते, ते हसून म्हणाले, "दाजी, मत मागायला आलात की टोचायला?"

"दोन्ही. आधी टोचून घ्या, मग मत देताना दुखणार नाही."

वकील हसले, पण आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

मी एकदा धीर करून म्हणालो, "दाजी, पाड्याला एकही मत नाही. ज्यांचं बोलता त्यांना मत नाही, आणि मत मागता त्यांच्या परसात विहिरी आहेत. थोडं आळीच्या सोयीचंही बोला ना."

"काय बोलू? तुमच्या विहिरींवर चांदीचे रहाट बसवतो म्हणून?" चालता चालता थांबून माझ्यावर ओरडले, "सख्या, ज्याचं पोट बिघडत नाही त्याच्याकडेच दुसऱ्याच्या पोटाबद्दल मागावं लागतं. मला ठाऊक आहे ते. मला काय ह्याची हौस आहे?"

पाड्यावर मात्र, मत नसताना, ते रोज जायचे. तिथली पार्वतीबाय मिठागरावर कामाला होती, जिभेची तिखट. ती म्हणायची, "दाजी, तुमी मेंबर झालाव की दिवा आमचे पायरीवं लावाल नं? का तुमीपन शेटचे दारान?"

"पायरीवर लावीन. नाही लावला तर माझ्या ओसरीवर येऊन मला शिव्या घाल."

"त्या मना आतापन घालता येतान," असं म्हणून ती हसायची. आणि तिची सून, कडेवर पोर घेतलेली, पदराआड हसायची.

मग मारुतीच्या देवळाच्या आवारात सभा झाली, रविवारी दुपारी. दाजी बाटल्या घेऊन गेले. अर्धं गाव आलं. कुणीतरी शिकवून पाठवलेला माणूस उठला. "दाजी, ही नवी लस वासराच्या अंगावर काढतात म्हणे. खरं का?"

कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, ते सरकार जाणे. दाजी म्हणाले, "खरं. वासराच्या पोटाची कातडी ओरखडून काढतात. पूर्वी एका पोराच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात घालायचो, त्यात एकाचा रोग दुसऱ्याला जायचा. हे त्याहून बरं. वासरू मरत नाही."

ब्राह्मण आळीची मतं तिथेच गेली.

"आणि टोचल्यावर देवी येतच नाहीत?"

"क्वचित येतात. टोचणं फुकट जातं कधी कधी. पण मरणारे फार कमी होतात."

"म्हणजे खात्री नाही!"

"खात्री नाही. खात्री देणारा तुम्हाला फसवतो." हे बोलताना ते रागानं लाल झालेले. लोक हसत होते.

तेवढ्यात नानाशेट उठले. शांतपणे पुढे आले, पाड्याच्या पायरीची बाटली उचलली, बूच काढलं आणि घटाघट अर्धी प्याले. मिशा पुसून म्हणाले, "ह्या तळ्याच्या पाण्यावर आपले वाडवडील वाढले. मी पण."

काय टाळ्या! मी शेटच्या घरासमोरचे दिवे लावणारा. त्यांच्या परसातल्या विहिरीवर तांब्या कसा लख्ख असतो ते मी रोज बघायचो. तो माणूस तळ्याचं पाणी आयुष्यात पहिल्यांदा प्याला तो त्या सभेत. मी तोंड उघडलं का? नाही. नोकरी होती ना.

"आता मरतात की काय शेट?" कुणीतरी ओरडलं.

दाजी म्हणाले, "नाही मरणार. आत्ता गावात पटकीची साथ नाही. असती तरी प्रत्येक पिणारा मरतो असं मी कधी म्हटलं?"

लोक पोट धरून हसले. मला वाटलं, खोटं बोला हो एकदा! एकदाच! म्हणा की मरतील!

एवढं होऊनही सगळं बुडालं नव्हतं. शेटच्या वखारीच्या वासाला कंटाळलेले होते, शेटवर जुना राग असलेले होते, आणि पाच-सहा जण असे होते की ज्यांची पोरं दाजींच्या टोचण्यामुळे देवीच्या साथीतून वाचली होती. आक्कांनी बोटांवर माणसं धरली आणि म्हणाल्या, "होईल रे. काठावर, पण होईल."

मतं तोंडी द्यायची होती. कचेरीत मामलेदारापुढे जायचं, कारकून यादीतलं नाव पुकारणार, आणि ज्याला मत त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं. दोन्ही उमेदवार तिथेच बसलेले. त्या दिवशी सकाळी नानाशेटकडून यादीतल्या प्रत्येक घरी नारळ आणि विडा गेला. घरी आलेला विडा परत करणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार लावणं, आणि घेतला म्हणजे शब्द दिला. शेटला हे पक्कं ठाऊक. बहुतेकांनी घेतला, आमच्या बाजूच्या काहींनी मात्र, आक्कांनी आधीच बजावलेलं असल्यामुळे, कडी लावून घेतली आणि घरी नाही असं सांगितलं.

दाजींचंही नाव यादीत होतंच. त्यांच्या घरी शेटनं गडी पाठवला नाही. स्वतःच्या आईला पाठवलं. ऐंशीच्या घरातली म्हातारी, काठी टेकत आली. तिला बिचारीला काय कळत होतं? मी ओसरीवर पत्रकं मोजीत होतो. म्हातारी म्हणाली, "दाजी, घे रे बाबा. माझ्या हातचा आहे."

आक्का आतून ओरडल्या, "घेऊ नकोस!"

दाजींनी घेतला. दोन्ही हातांनी घेतला, आणि म्हातारीला पायरी उतरायला हात दिला.

आम्हाला वाटलं, म्हातारीचा मान राखला, झालं. विडा तसाच कोनाड्यात ठेवून आम्ही कचेरीत गेलो. यादीत दाजींचं नाव चौथं. आधीच्या तिघांत दोन शेटला, एक दाजींना. मग कारकुनानं दाजींना पुकारलं. मी खिडकीबाहेर उभा होतो. मामलेदार हसून म्हणाले, "उमेदवारसाहेब, आपलं मत?"

दाजी उठले. मान खाली होती. म्हणाले, "नानाशेट."

कचेरीत आधी कुणाला कळेचना. मग जो हशा उठला तो माझ्या कानात अजून आहे. शेटसुद्धा क्षणभर गोंधळले, मग उठून दाजींना नमस्कार केला. पुढे काय व्हायचं राहिलं? मागे जे आमचे उभे होते, कडी लावून बसलेले, ते एकमेकांकडे बघायला लागले. वकील तर मोठ्यानं म्हणाले, "दाजीच शेटना देतात, मग आपण कशाला वाईट व्हायचं?" एकामागून एक: नानाशेट, नानाशेट, नानाशेट. शेवटी दाजींच्या नावावर इतकी थोडी मतं उरली की कारकुनानं पुन्हा बेरीज करण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

घरी येताना मी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा वडील माणसाशी भांडलो. "का? का हो दाजी?"

"विडा घेतला होता."

"मग घेतलात कशाला?"

"म्हातारीच्या हातचा होता रे."

"मग गप्प राहायचं होतं! आजारी पडायचं होतं!"

"शब्द म्हणजे शब्द."

आक्का दारात उभ्या होत्या; बातमी आमच्या आधी पोचली होती. इतक्या हलक्या आवाजात बोललेल्या मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुझा शब्द तुझा होता का रे? पाड्यातल्या बायांचा होता तो. त्यांचं पाणी तू एका पानाला विकलंस." आणि आत निघून गेल्या. दाजी ओसरीवर बसून राहिले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला अजूनही पुरती येत नाही. इतका सरळ माणूस दुसऱ्याच्या जिवावर सरळ राहतो, हे मला तेव्हा कळलं, आणि ते त्यांच्याकडूनच कळावं याचा राग आला.

महिनाभरात पाड्याच्या वाटेवरचा एकुलता जुना दिवाही शेटच्या वखारीच्या फाटकावर गेला. नेला कुणी? मी. खांद्यावर खांब घेऊन मीच नेला.

चैत्र संपता संपता पटकी आली. आधी पाड्यातच. दाजी सकाळपासून पाड्यावर, पाणी उकळून घ्या म्हणून ओरडत. पण मिठागरावरच्या माणसाकडे भात शिजवण्यापुरतं सरपण नाही, तो पाणी कशावर उकळणार? दाजींनी स्वतःच्या गोठ्याचे वासे काढून जाळायला दिले. पार्वतीबायची सून आणि तिचं कडेवरचं पोर एका दिवसात गेली.

तिसऱ्या दिवशी पार्वतीबाय दाजींच्या ओसरीसमोर आली. शिव्या घातल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "तुमचे तोंडशी त्याचाच नाव आला नं, दाजी?"

दाजी म्हणाले, "हो."

ती वळून पाड्याकडे गेली.

त्यानंतर दाजींनी गाडीभर बांबू आणवले. बैलांच्या उतारावर, गुडघाभर चिखलात उभे राहून, सत्तरीला आलेल्या त्या माणसानं मोगरीनं ठोकून ठोकून बांबूंची रांग लावली, काथ्यानं बांधली, आणि वखारीचा चर मातीनं बुजवला. कुणाची परवानगी नाही, कुणाला विचारणं नाही. पाच दिवस शेटचे बैल खाडीकडे गेले. पाच दिवस गावातली माणसं काठावर येऊन थट्टा करून गेली. "दाजी, मेंबर झालात की काय?" दाजी काथ्याच्या गाठी आवळत राहिले. त्यांचं ओरडणं संपलं होतं, आणि ते मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा असह्य होत होतं.

मला तेव्हा कराचीच्या बंदरावर दिव्यांची नोकरी लागली होती. शिफारसपत्र दाजींनीच लिहिलं होतं, त्यांच्या एका जुन्या साहेबाला. मी भांडल्यानंतर लिहिलं, हेही सांगतो. दुसऱ्या दिवशी मी निघणार. त्या शेवटच्या दिवशी म्युनिसिपालिटीतून माझ्या हातात हुकूम पडला: तळ्याच्या उतारावरचा अडथळा काढून टाकावा. खाली नव्या मेंबरांची सही. बत्तीवाला दिवसा रिकामाच असतो, म्हणून माझ्याकडे.

एकच दिवस उरला होता. नाही म्हणता आलं असतं. पण नोकरी सोडल्याचा दाखला अजून मिळायचा होता, आणि दाखल्याशिवाय कराचीत उभं कोण करणार? मी गेलो.

दाजी उतारावरच होते. हुकूम त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला. वर शेटचा गडी बैल घेऊन उभा होता. मी पहिला बांबू धरला आणि हलवायला लागलो, इकडे तिकडे, जोरजोरानं. डोळ्यांत पाणी होतं, दिसत नव्हतं.

"असा हलवू नकोस," दाजी म्हणाले. "भोक रुंद होतं. सरळ वर ओढ. उद्या पुन्हा त्यातच बसवायचेत."

मग ते स्वतः खाली उतरले आणि दुसऱ्या बाजूनं धरलं. एकेक करून आम्ही दोघांनी सगळे उपटले, त्यांनी काठाला नीट रचून ठेवले. मी पाया पडलो. "जा, उशीर होईल," एवढंच म्हणाले.

उतार चढून वर आल्यावर मी मागे वळून बघितलं. बैल पाण्यात शिरत होते, आणि त्यांच्या पायांमधून दाजी, धोतर खोचून, चिखलात पायानं चाचपत एकेका भोकात दगड बसवत होते, रात्रीत ती बुजून जाऊ नयेत म्हणून.